शिवेवरचा गाडा

माझी आजी मावळातली. लग्न होऊन बोरघाट उतरून कर्जतला आली तेव्हा तिच्याबरोबर ज्या गोष्टी खाली आल्या, त्यांत एक गोष्ट गाड्याची होती. गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली, घरटी एखादं माणूस आडवं झालं, की गावकरी मरीआईचा गाडा काढायचे. सुताराकडून लाकडाचा लहानसा गाडा करून घ्यायचा. त्यावर देवी बसवायची, हिरवा चुडा, खण, लिंबं, नारळ, दहीभात ठेवायचा. पोतराज पुढे, हलगी वाजतेय, मागे सगळा गाव. शीव ओलांडून गाडा पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचा आणि मागे वळून न बघता घर गाठायचं. सकाळी पलीकडच्यांना गाडा दिसला की त्यांची धावपळ. त्यांनीही ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा आणि दिवस मावळायच्या आत तो पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचा.

लहानपणी मी आजीला विचारायचे, "मग शेवटच्या गावाने काय करायचं?"

"शेवटचं गाव नसतंच," ती म्हणायची. "पुढं कुणीतरी असतंच की."

आजीच्या गावाला हसण्यात अर्थ नाही. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो हे लंडनच्या डॉक्टरांनासुद्धा पटायला कितीतरी वर्षं लागली. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, तरी बहुतेकांना दोष हवेतच दिसत होता. त्या मानाने मावळातल्या माणसांना बरंच कळलं होतं. रोग चालतो, माणसांबरोबर चालतो, त्याला हद्द असते आणि एकेकट्याने काही होत नाही, सगळ्या गावाने मिळून काहीतरी करावं लागतं. मला खटकतं ते एवढंच, की त्यांची जबाबदारी शिवेवर संपत होती. पलीकडच्या गावात त्यांच्या लेकी दिलेल्या असायच्या, तरी.

कर्जतला देवीचे शेंदूर फासलेले दगड अजून गावोगाव शिवेवर आहेत. पण आमची खरी शीव म्हणजे स्टेशन. मुंबईहून शंभर किलोमीटर, लोकलच्या मुख्य मार्गाचं या बाजूचं टोक. खोपोलीचा फाटा इथूनच निघतो. पुण्याकडच्या बहुतेक गाड्या इथे थांबतात, कारण पुढच्या चढाला एकट्या इंजिनाचं बळ पुरत नाही, मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडावी लागतात. तेवढ्या वेळात वडापाव विकला जातो. आमच्या तालुक्याची कीर्ती बऱ्याच लोकांच्या मनात तेवढीच आहे.

आणि आमच्याकडे रोगाचं रेल्वेशी नातं रुळांइतकं जुनं. पळसदरीपासून वरच्या घाटाचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर डोंगर फोडत होते, झाडपाल्याच्या झोपड्यांत राहत होते आणि मिळेल ते पाणी पीत होते. त्यांच्यात पटकी शिरली तेव्हा किती गेले याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून गेला, काम पुढे त्याच्या बायकोने, ॲलिसने, तडीला नेलं. एवढं मात्र लिहून ठेवलेलं आहे. मजुरांची नावं नाहीत.

पुढे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत शहर निम्म्याच्या आसपास ओस पडलं. कुणी तरीने पळाले, कुणी पायी, कुणी आगगाडीने. त्यांतल्या पुण्याकडे निघालेल्या प्रत्येक गाडीला कर्जतवरूनच जावं लागलं असणार. मरीआईच्या गाड्याला रूळ मिळाले होते. त्याच धामधुमीत ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोगांचा कायदा केला. तोच कायदा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात पुन्हा बाहेर काढला गेला. कायदे आपल्याकडे पितळेच्या भांड्यांसारखे, वापरात नसले तरी मोडीत निघत नाहीत.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि लोकल थांबली. ज्यांची पन्नास वर्षं पहाटेच्या गाडीवर गेली अशी माणसं त्या आठवड्यात अंगणात उभी राहून नुसती घड्याळ बघत होती. आतल्या गावांनी रस्त्यात करवंदीच्या जाळ्या आणि बांबू आडवे टाकले, पुठ्ठ्यावर लिहिलं की बाहेरच्यांना मनाई आहे. तरणी पोरं आळीपाळीने पहाऱ्याला बसली. कित्येक वर्षं नुसती सातबाऱ्यावर उरलेली शीव पुन्हा जागी झाली. एक सांगायला हवं, या जाळ्या टाकणाऱ्यांत ठाकूरवाड्या सगळ्यांत पुढे होत्या आणि त्यांचं बरोबरही होतं. दवाखाना लांब, गाडी बंद, तापाच्या गोळीपलीकडे औषध नाही. रोग आत आला तर त्याच्याशी झुंजायला हातात काही नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा स्वच्छ कळत होतं.

पण बाहेरचा म्हणजे कोण, यावर लगेच घोळ सुरू झाला. फार्महाऊसचे मालक मुंबईहून रातोरात येऊन राहिले. ते बाहेरचे, पण त्यांची जमीन इथे, विजेचं बिल इथे, माळी इथला. आमच्या इमारतीतली नर्स इथली, पण तिची नोकरी मुंबईच्या एका रुग्णालयात. मग ती बाहेरची? मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेशच काढला होता की मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांनी तिकडेच राहावं, रोज परत येऊ नये. ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. त्या आदेशात वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. आपल्या हद्दीतले आकडे कमी व्हावेत एवढीच इच्छा. पण मावळातल्या माणसांचीही एवढीच इच्छा होती.

नर्सबाई आधी एसटीने आणि १५ जूनपासून अत्यावश्यकवाल्यांची लोकल सुरू झाल्यावर तिने जायच्या. परत आल्या की दाराबाहेरच्या बादलीत चपला, पिशवी, ओढणी. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. अंघोळ झाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत बोलायचंसुद्धा नाही. जेवण वेगळं, अंथरूण वेगळं. मुलगी गॅलरीच्या एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला, असा अभ्यास चाले. रोग आपल्यापाशीच थांबावा म्हणून त्यांनी जेवढी तजवीज केली, तेवढी आमच्या जिन्यात दुसऱ्या कुणी केली नसेल. आणि त्या जिना चढताना दारं धाडधाड लागायची ती आमचीच, ज्यांनी भाजीची जुडी धुण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

त्या वर्षी जबाबदारी हा शब्द भिंतीभिंतीवर होता. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशाताई दारोदार फिरल्या. कपाळासमोर तापाचं यंत्र धरायच्या, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायच्या, घरात कुणाला बीपी, शुगर, दमा आहे का ते कागदावर लिहून घ्यायच्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण पुन्हा वाढायला लागले तसं मुख्यमंत्र्यांनी 'मी जबाबदार' म्हणायला सांगितलं. जबाबदारी राज्याकडून कुटुंबाकडे आली, कुटुंबाकडून माझ्याकडे. यापुढे सरकवायला जागाच नव्हती.

यावर तेव्हा चेष्टा पुष्कळ झाली. सरकारने आपला गाडा आमच्या उंबऱ्यात आणून सोडला, असं मीही म्हणत होते, आणि त्यात तथ्य आहे. तालुक्यात व्हेंटिलेटर नसणं, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असणं, ऑक्सिजनसाठी पनवेल गाठावं लागणं, ही काही माझ्या कुटुंबाची जबाबदारी नव्हे. ज्या आशाताई माझ्या दारात येऊन माझी जबाबदारी मोजत होत्या, त्यांच्या स्वतःच्या मानधनाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्यांना जून २०२१ मध्ये राज्यभर संप करून विचारावा लागला. सत्तर हजारांच्या आसपास बाया कामावर गेल्या नाहीत तेव्हा कुठे चर्चेला बसणं झालं.

तरीही त्या घोषणेतला एक भाग मला नाकारता येत नाही. या रोगाची खोड अशी होती की अंगात काही दिसायच्या आधीच तो दुसऱ्याकडे जायचा. माणूस ठणठणीत, भूक चांगली, झोप चांगली, आणि श्वासातून रोग चाललाय. तिथे सरकार पोचूच शकत नाही. डॉक्टर पोचत नाही, कारण बरं नसल्याशिवाय आपण डॉक्टरकडे जात नाही. तिथे मी एकटीच असते. आपण धडधाकट आहोत हे माहीत असताना, समोरच्यासाठी तोंडावर फडकं बांधायचं, हे काम कुठल्याही खात्याला करता येणार नाही. साध्या कापडी मास्कचा गुण हाच, की तो घालणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त वाचवतो. म्हणून 'मी जबाबदार' खरं. पण ते माझ्या तब्येतीबद्दल खरं नाही. तब्येतीत नशीब असतं, वय असतं, जन्मापासूनची फुप्फुसं असतात, बापाकडून आलेली साखर असते. तुकतुकीत, व्यायाम करणारी माणसं गेली आणि दम्याची म्हातारी राहिली. मी जबाबदार आहे ती एवढ्यापुरती, की माझ्यापाशी आलेला गाडा पुढे जाऊ नये.

आणि हे करायला काय लागतं ते वाडीवर जाऊन बघावं.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परत येतात. मार्च म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. लॉकडाऊन झालं तेव्हा कुणी भट्टीवरच अडकलं, कुणी पोरं खांद्यावर घेऊन चालत वाडी गाठली. वाडीवर एक खोली, तिच्यात सात माणसं. घरातच थांबा म्हणजे नक्की कुठे थांबा? टीव्हीवर वीस सेकंद हात धुवायला सांगत होते. एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांतल्या बाया ओढ्याच्या वाळूत डवरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. त्यातलं कुणाच्या वीस सेकंदांना किती द्यायचं? याच तालुक्यात भिवपुरीच्या वीजघरातून आंध्रा धरणाचं पाणी खाली येतं आणि पेज नदीत मिळतं, म्हणून पेज भर उन्हाळ्यातही वाहत असते. कर्जतचे लोक ते पाणी पितात. फार्महाऊसचे पोहण्याचे हौद भरतात. वरच्या वाडीवरून ती नदी चकाकताना दिसते.

रोग आपल्यापाशी थांबवण्याची किंमत काय असते, ते एका जुन्या गोष्टीतही दिसतं. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. तिच्या अंगात टायफॉइडचे जंतू होते, पण तिला स्वतःला काही होत नव्हतं. जिथे ती स्वयंपाक करी तिथे माणसं आजारी पडत. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावरच्या इस्पितळात ठेवलं. १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही असं वचन घेऊन सोडलं. धुणी धुऊन पोट भरेना, तेव्हा तिने नाव बदलून पुन्हा पळी हातात घेतली, तीही एका प्रसूतीच्या इस्पितळात. १९१५ मध्ये परत धरली गेली ती १९३८ मध्ये मरेपर्यंत त्याच बेटावर राहिली. तिची गोष्ट बेजबाबदारपणाचा नमुना म्हणून सांगतात. बेजबाबदार तर ती होतीच, लोक मेले. पण स्वयंपाक सोड म्हणणाऱ्यांनी तिला त्या तोडीचा पगार देणारं दुसरं काम दिलं असतं, तर? आपल्याला काहीच होत नसताना दुसऱ्यासाठी पोटावर पाय द्यायचा, हे सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याचं पोट भरलेलं असलं तर फारच सोपं.

आमच्याकडे खालापूरच्या टोलनाक्यावर लॉकडाऊनच्या दिवसांत ई-पास बघत होते. जिल्ह्याबाहेर जायचं तर कारण लागे, कागद लागे. नाक्याच्या अलीकडे जुन्या रस्त्याने डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं खोपोलीवरून घाटाची वाट धरायची. आणि वर, घाटमाथ्यावर खंडाळ्याला राहिलेल्या एका बड्या उद्योजक घराण्याला एप्रिल २०२० मध्ये गृहखात्यातल्या अधिकाऱ्याच्या पत्रावर मोटारींचा ताफा घेऊन महाबळेश्वरला जाता आलं. पुढे अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं वगैरे. पण जबाबदारीचं वजन कुणाच्या डोक्यावर असतं आणि कुणाच्या खिशात पत्र असतं, ते त्या एका घाटात एका महिन्यात दिसून आलं.

आता हळदीचं सांगते, कारण आमच्याकडे साथीचा खरा कस हळदीला लागला.

शहरातल्या वाचकाला हळद म्हणजे लग्नाआधीचा लहानसा विधी वाटेल. कर्जत-खालापूरकडे, विशेषतः आगरी घरांत, हळद लग्नापेक्षा मोठी. मांडव, डीजे, मटण-वडे, भाकऱ्यांच्या चळती, सगळा गाव आणि गावाबाहेरचे सोयरे. रात्र सरते तरी माणसं येतच असतात. जुन्या घरांत अजून धवलारीण बोलावतात. सत्तरी गाठलेली बाई, नवरा-नवरीला हळद लावताना तोंडपाठ धवले गाते, बाया तिच्याभोवती दाटीवाटीने बसून मागे म्हणतात. सरकारने लग्नाला पन्नास माणसं ठरवून दिली होती. २०२१ च्या एप्रिलात ती पंचवीस झाली, तीही दोन तासांत उरकायचं, नाहीतर पन्नास हजारांचा दंड. पण तो हिशेब लग्नाच्या हॉलचा. हळदीच्या मांडवात कोण मोजतो? शिवाय आमंत्रण आलं आणि गेलं नाही तर तो मान न राखणं होतं. तीन पिढ्यांचं येणंजाणं तेवढ्यावरून तुटू शकतं. ताप असला तरी माणसं क्रोसिन घेऊन जात. "अर्धा तास तोंड दाखवून येतो," असं म्हणत. तोंड दाखवणं हाच तर धोका होता.

त्या एप्रिलात नात्यातल्या एका काकांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. पहिल्या लाटेनंतर सगळे सैलावले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, डीजेला आगाऊ रक्कम गेली होती. काकांनी हळद रद्द केली. म्हणजे हळद लागली, पण घरच्यांपुरती. धवलारीण स्वतःच्या ओसरीवर बसून गायली, तिच्या नातवाने फोन समोर धरला आणि इकडे मुलीच्या अंगाला हळद लागताना तो आवाज स्पीकरवरून घरात आला. गावातल्या घराघरांत जेवणाचे डबे पोचवले. काकांनी स्वतः जवळजवळ सगळ्या निमंत्रितांना फोन करून सांगितलं की येऊ नका, राग मानू नका.

लोकांनी राग मानला. खर्च वाचवला म्हणाले. पोरीची हौस मारली म्हणाले. एका जवळच्या घराने आहेर परत पाठवला. काका तसे हिशेबी आहेतच, त्यामुळे बोलायला लोकांना जागा होती. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. मी त्या साथीत पाहिलेल्या धाडसांत हे वरचं धाडस मानते. नर्सबाईंसाठी निदान लोक वरवर तरी टाळ्या वाजवत होते. काकांच्या वाट्याला चिक्कूपणाचा शिक्का आला आणि तो अजून पुसलेला नाही. त्यांच्यामुळे कोण वाचलं हे कधीच कळणार नाही, कारण न लागलेल्या रोगाचं नाव कुणाच्या खाती जमा होत नसतं. तिथे आपल्या सत्काराच्या पद्धती कमी पडतात.

दुसऱ्या लाटेचं फार लिहीत नाही. ज्यांच्या घरात घडलं त्यांना सांगायची गरज नाही. १९ एप्रिल २०२१ ला आमच्याच जिल्ह्यातल्या कळंबोलीहून रिकामे टँकर वाघिणींवर चढवून देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. घाटांत उंचीची अडचण होती म्हणून ती बोरघाटाने न जाता वसईवरून वळसा घेत गेली. कर्जत या गाडीच्या वाटेतून सुटलं, आणि ती गाडी श्वास आणायला गेली होती.

लसीची गोष्ट मात्र सांगायला हवी. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली. मोबाइलवर नोंदणी, मोबाइलवर वेळ. स्लॉट उघडला की मिनिटाभरात संपायचा. ज्यांची बोटं वेगवान आणि नेट चांगलं, त्यांना मिळायचा. तालुक्यातल्या एका केंद्राबाहेर त्या दिवसांत मुंबई-ठाण्याच्या नंबरांच्या गाड्या ओळीने उभ्या असायच्या. गॉगल लावलेली, सॅनिटायझर हातात घेतलेली, अंतर राखून उभी असलेली, अतिशय जबाबदार माणसं. त्यांनी नियम मोडला नव्हता. साठ-सत्तर किलोमीटर गाडी चालवून लस घ्यायला येणं म्हणजे आपल्या आरोग्याची काळजी घेणंच. केंद्राच्या मागच्या झाडाखाली वाडीवरच्या चार बाया बसून होत्या. आशाताई त्यांना महत्प्रयासाने समजावून घेऊन आली होती, कारण सुई घेतली की माणूस मरतं अशी अफवा वाडीवर पसरली होती. आज कोटा संपला, असं त्यांना सांगण्यात आलं. पुन्हा त्या आल्या की नाही ते आशाताईलाच ठाऊक.

त्या रांगेकडे बघताना मला वाटलं, फक्त स्वतःची तब्येत सांभाळणं हीसुद्धा गाडा पुढे ढकलण्याची एक तऱ्हा असू शकते. गाडा फक्त जास्त स्वच्छ असतो.

प्लेगच्या काळातली एक बाई मला या सगळ्यात वेगळी दिसते. घाटापलीकडे, पुण्यात, १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात गेल्या. महारवाड्यातला मुलगा होता, गायकवाडांचा. मुलगा जगला. सावित्रीबाई १० मार्चला गेल्या. रोग्याला शिवेबाहेर सोडून यायच्या त्या काळात त्या उलट्या दिशेने चालल्या होत्या. आपल्याला सगळ्यांना एवढं करायला सांगता येणार नाही, आणि आजचा डॉक्टर तर म्हणेल की मास्क न लावता, हातमोजे न घालता असं करूच नये. पण दिशा कुठली असते ते त्यांच्याकडे बघून कळतं.

साथ ओसरली. लोकल पहिल्यासारखी भरून जायला लागली, मास्क आधी हनुवटीवर आले, मग खिशात, मग कपाटाच्या तळाशी. पावसाळा सुरू झाला की तालुक्यात ताप फिरतोच. कधी मलेरिया, कधी डेंगी, कधी लेप्टो, कधी नुसताच व्हायरल. २०२३ च्या पावसात राज्यभर डोळ्यांची साथ आली आणि शाळांनी मुलांना घरी ठेवा म्हणून सांगितलं. आई-बाप दोघं रसायनी-खोपोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या घरांतली पोरं तरीही लाल डोळ्यांनी वर्गात येऊन बसली. त्यांना घरी ठेवायचं तर कुणीतरी खाडा करायला हवा, आणि कंत्राटी कामगाराच्या खाड्याचे पैसे कुणी देत नाही.

त्यानंतर आमच्या सोसायटीच्या सभेत मी एक विषय मांडला. घरकामाला येणाऱ्या मावशींना, जिना झाडणाऱ्याला, वॉचमनला ताप आला तर त्यांनी घरी थांबावं आणि त्यांचा एक पैसा कापू नये. नर्सबाईंनी लगेच हात वर केला. बाकी शांतता. मग एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मग रोजच ताप येईल." दुसऱ्यांनी विचारलं की डॉक्टरची चिठ्ठी मागायची का. तिसऱ्यांना खर्च सोसायटीच्या खात्यातून की ज्याच्या त्याच्या खिशातून, याचा खुलासा हवा होता. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. आम्ही चार घरांनी तोवर वाट बघायची नाही असं ठरवलं आणि मावशींना बोलावून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पदराला हात पुसले.

"ताप आला तर मी फोन करीन," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडं कुणाला आला, तर तुमी पण आदीच करायचा. मी दारात आल्यावर नाय सांगायचं. माझ्या घरात लहान नातू हाय."

ही अट आमच्या ठरावात नव्हती. ती आता पहिली घातली आहे.